पाच किलोची हद्द

भोर
११ नोव्हेंबर २०२४

प्रिय मंगल,

आशीर्वाद देते, पण आधी तक्रार ऐक.

माझ्या घरात माझ्याविरुद्ध ठराव मंजूर झाला आहे. प्रद्युम्न म्हणतो, यंदा राजगड-तोरणा नाही, आणि यापुढेही नाही. मिताली गप्प बसली, म्हणजे सूनबाईंचं मत नवऱ्याच्या बाजूने धरायचं. बावीस वर्षं झाली. दर मार्गशीर्षात मी राजगड चढते, दोन्ही गडांना जोडणाऱ्या डोंगराच्या सोंडेवरून चालत तुमच्या घरी मुक्कामाला येते आणि दुसऱ्या दिवशी तोरण्यावरून वेल्ह्याला उतरते. तू त्या घरात सून म्हणून आलीस त्याच्या आधीपासून. आता त्रेसष्टाव्या वर्षी मी परवानगी मागायची आणि पोटच्या पोराने ती नाकारायची, हे मला मान्य नाही.

झालं एवढंच की माझी पाठ जरा धरली होती. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ओझं उचलायचं नाही. प्रद्युम्नने त्याचा अर्थ लावला, डोंगर बंद. मी मोजणी खात्यात तीस वर्षं काढली आहेत. तोंडी बोलण्यावर मी बांधाची हद्द ठरू दिली नाही, तर माझी कशी ठरू देईन? परत गेले आणि लिहून मागितलं. किती किलोला ओझं म्हणायचं ते आकड्यात लिहा, म्हटलं. त्यांनी वैतागून लिहिलं, ‘चालावे. पाठीवर पाच किलोपर्यंत चालेल.’ खाली सही आणि शिक्का. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला आहे.

आता प्रश्न पाच किलोंचा. माझी जुनी सॅक तुला माहीत आहे, ती मागे ॲल्युमिनियमच्या नळ्या असलेली. काल किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली. रिकामी पावणेतीन किलो! नाकापेक्षा मोती जड. गेल्या वर्षी ती भरून सव्वाचौदा किलो झाली होती.

हल्ली अगदी हलक्या सामानाने डोंगर चालणारे लोक आहेत. त्याला अल्ट्रालाइट म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की आधी सामान ठरवा, ते तोला, आणि सॅक सगळ्यात शेवटी घ्या. मी जन्मभर उलटं केलं. आधी मोठी सॅक घेतली आणि ती भरेपर्यंत सामान कोंबलं.

म्हणून मला लिहून कळव, तुझ्याकडे मला काय काय मिळेल. अंथरूण, पांघरूण, ताट, तांब्या, सगळं. तेवढं मी खालून आणणार नाही. तुमच्या सोंडेवर मोबाईलला रेंज नाही, आणि तुझा दीर दत्ता वेल्ह्याहून फोन लावतो तेव्हा माझं बोलणं इथे चार कानांवर पडतं. म्हणून हे पत्र नेहमीसारखं वेल्ह्यातल्या गेनूच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे.

तुझी,
कुंदाताई


सोंडेवरून
१९ नोव्हेंबर

ती. कुंदाताई,

मंगलचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र दत्ताने बाजारातून आणलं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. फ्रिजवरच्या कागदाला त्या खूप हसल्या.

अंथरूण-पांघरूण काय विचारता? दोन घोंगड्या आहेत, गोधडी आहे, उशी देईन. ताट-वाटी, कढत पाणी, जेवण, चहा, सगळं आहे. थंडीची टोपीसुद्धा आणू नका, माझी देते. तुम्ही फक्त या.

पण ताई, रागावणार नसाल तर एक बोलू? पाठ धरली हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तुम्ही दुखणं कधी सांगत नाही, म्हणजे ते थोडं नसणार. दत्ता म्हणतो, तो आदल्या दिवशी राजगडावर येऊन थांबेल आणि तुमचं सगळं ओझं घेईल. तुम्ही हात हलवत चाला. नाहीतर दुसरं सांगते. गाडीने खिंडीपर्यंत या. तिथून आमचं घर अर्ध्या तासावर. एक दिवस राहा आणि गाडीनेच परत जा. भेट झाल्याशी कारण. डोंगर कुठे पळून जातोय?

आणि सॅक घ्यायचीच झाली तर मोठी घ्या. सासूबाईंनी तुमच्यासाठी नाचणी काढून ठेवली आहे, नेहमीसारखी पाच किलो. तुमची तांदळाची पिशवी त्यांनी कधी रिकामी परत पाठवलेली नाही आणि यंदाही पाठवणार नाहीत.

तुमची,
मंगल


भोर
२६ नोव्हेंबर

मंगल,

तुझं पत्र वाचून मला राग आला. दोन दिवस थांबले, उतरेल म्हणून. उतरला नाही, म्हणून लिहिते.

ओझं दत्ताच्या पाठीवर आणि मी मोकळी पुढे, तर ते चालणं नव्हे, ती वरात झाली. आणि गाडीने खिंडीत येऊन तुमचा चहा पिऊन परत जायचं, हे तर प्रद्युम्नसुद्धा सुचवतो. मला वाटलं होतं, निदान डोंगरावरची माणसं माझ्या बाजूची असतील. मी भेटीला येत नाही, मंगल. मी चालायला येते, आणि वाटेत तुम्ही भेटता. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे. माझं स्वतःचं म्हणावं असं वर्षात एवढं एकच काम असतं, ते माझ्या पायांनी आणि माझ्या पाठीवरच्या सामानाने व्हायला हवं. ते बंद झालं की मी घरात बसलेली म्हातारी. तसल्या म्हाताऱ्यांना लोक फार जपतात आणि काही विचारत नाहीत.

असो. शनिवारी एसटीने पुण्याला गेले, एकटी. सॅकचं मोठं दुकान होतं. तिथल्या गृहस्थाने मला पाहिलं आणि सरळ एक जांभळी सॅक पुढे केली. म्हणाला, काकू, ही घ्या, याला चौदा कप्पे आहेत. मी विचारलं, वजन किती? त्याला माहीत नव्हतं. मी पर्समधून हुकाचा काटा काढला आणि दुकानातच सॅक लटकवली. दोन किलो शंभर ग्रॅम. म्हटलं, चौदा कप्प्यांत मी शोधणार काय, स्वतःला?

मग तो जरा ताळ्यावर आला. तुमची उंची कमी आहे, स्मॉल घ्या, म्हणाला. मी म्हटलं, सॅक उंचीवर बसत नाही, पाठीवर बसते, पाठ मोजा. मान खाली घातली की मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेप धरायची. मोजलं तर मीडियम निघालं. मी सगळी मिळून पाच फूट, पण पाठ लांब आणि पाय आखूड. माझी आई मला लहानपणी पाट म्हणायची, तिची मोजणी बरोबर होती म्हणायची.

शेवटी दोन सॅक उरल्या. एक पंचेचाळीस लिटरची, आत पातळ सांगाडा, वजन अकराशे पन्नास ग्रॅम. दुसरी तीस लिटरची, सांगाडा नाही, नुसती पिशवीच म्हण ना, पाचशे वीस ग्रॅम. तो गृहस्थ म्हणाला, मोठी घ्या, ऐन वेळी काही जास्तीचं आलं तर जागा हवी. मला निर्णय करता आला नाही. दोन्ही तशाच ठेवून परत आले. का ते आता सांगत नाही.

घरी येते तो काय, प्रद्युम्नने माझी जुनी सॅक भंगारवाल्याला देऊन टाकलेली! न विचारता. त्याला वाटलं, विषय संपला. मी म्हटलं, छान केलंस, माझ्या पाठीवरचे पावणेतीन किलो तूच कमी केलेस. त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पण खोलीत जाऊन मी रडले, हे तुला म्हणून सांगते.

तारीख कळवते. शनिवार एकवीस डिसेंबरला मुक्काम तुमच्याकडे. येणार आहे.

कुंदाताई


सोंडेवरून
४ डिसेंबर

ती. कुंदाताई,

तुमचं पत्र चारदा वाचलं. दत्ताला वाचून दाखवलं नाही, सासूबाईंनाही नाही. मी चुकले. आमच्या घरातही मला कोणी काही विचारत नाही, तरी मी तुमच्या बाबतीत तेच केलं.

आता मी एक गोष्ट सांगते. ती सांगायची नाही अशी सासूबाईंनी मला शपथ घातली आहे. मी ती मोडते. तुमच्या पत्राचा गुण म्हणा.

ताई, आम्ही नाचणी करत नाही. चार वर्षं झाली. रानडुकरं काही ठेवत नाहीत आणि उतारावर राबायला माणूस उरलं नाही. तुम्हाला दरवर्षी देतो ती नाचणी दत्ता वेल्ह्याला गेनूच्या दुकानातून आणतो. तिथून पाठीवर घेऊन अख्खा डोंगर चढतो. सासूबाई ती पाखडून तुमच्या पिशवीत भरतात. मग तुम्ही ती पाठीवर घेऊन तोरणा चढता आणि वेल्ह्याला उतरता. गेनूच्या दुकानासमोरून एसटीला जाता. मागच्या वर्षी गेनूने तुमची सॅक बघून दत्ताला डोळा मारला होता म्हणे. मला तेव्हा हसू आलं होतं, आता लाज वाटते.

आणि तुमचा इंद्रायणी तांदूळ आम्हाला आवडतो, खोटं नाही. पण तुमच्या भोरजवळच्या उत्रोलीचा तांदूळ आता गेनूकडेही मिळतो. आम्ही तुम्हाला आणू नका म्हटलं असतं, पण तुम्ही इतक्या हौसेने आणता, सांगायचं कसं?

मी सासूबाईंकडे विषय काढला. म्हटलं, यंदा देणं-घेणं राहू द्या, ताईंची पाठ दुखते. त्या ऐकेनात. म्हणाल्या, "आलेली पिशवी रिकामी लावून दिली तर घराची बरकत जाती. म्या मेल्यावर काय करायचं ते करा." आता त्यांच्याशी मी भांडू शकते, पण त्यांना हरवू शकत नाही. तुम्हीच काहीतरी मार्ग काढा.

तुमची,
मंगल


भोर
१० डिसेंबर

प्रिय मंगल,

तुझं पत्र आलं तेव्हा मी जेवत होते. वाचून इतकी हसले की ठसका लागला. मिताली पाणी घेऊन धावत आली. हसता हसता मला कळलं की हे नुसतं हसण्यासारखं नाही.

तू शपथ मोडलीस, मग मी तरी ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गेल्या वर्षीच्या सव्वाचौदा किलोंत पाच किलो तांदूळ होता आणि वर एक किलो गूळ. मोठी सॅक मी माझ्यासाठी कधी घेतलीच नव्हती, तुमच्या घरच्या भेटीसाठी घेतली होती. मला वाटायचं, डोंगरावर तुम्हाला तांदूळ कुठला? तुम्ही मागितला नव्हता. मीच ठरवलं होतं की तुमच्याकडे कमी आहे. आणि नाचणी? मला नाचणी सोसत नाही, मंगल. बावीस वर्षं मी ती आणून धोंडाबाईला देते. ती आमच्याकडे धुणीभांडी करते. तिच्या घरी आवडीने खातात.

पाठ जरा धरली, असं लिहिलं होतं ते खोटं होतं. गेल्या वर्षी तोरण्यावरून उतरताना, वेल्हे समोर दिसत असताना, मणक्यातली गादी सरकली. अर्धा तास मी वाटेत आडवी होते. नंतर तीन आठवडे अंथरुणावर. हे तुला कळवलं नाही, कारण पाठीवर तुमची नाचणी होती. ती गेनूच्या दुकानातली होती हे आता कळतंय.

तुला दोष देत नाही आणि स्वतःलाही देत नाही. पण हे थांबवायचं आहे, आणि तुझ्या सासूबाईंचा, भामाबाईंचा, मान राखून थांबवायचं आहे. म्हणून मी काल पुन्हा पुण्याला गेले आणि ती तीस लिटरची घेतली.

कारण सांगते. मोठ्या सॅकमध्ये जागा उरते, आणि जागा उरली की मी तुमच्यासाठी काहीतरी भरणार, हे मला माझं माहीत आहे. परतीला तुम्ही भरणार. त्या सॅकला ‘नाही’ म्हणता येत नाही. मलाही कधी आलं नाही. ही तीस लिटरची ते काम माझ्या वतीने करेल. यात माझा स्वेटर, प्लास्टिकचा पातळ रेनकोट, बॅटरी, औषधं, एक जोडी कपडे, दोन लिटर पाणी आणि दोन वेळचं खाणं बसलं की तोंड जेमतेम आवळतं. सांगाडा नाही, म्हणून फोमचा एक तुकडा घडी करून पाठीच्या बाजूला उभा सरकवला आहे. त्याने पाठीला टोचत नाही आणि पिशवी ताठ राहते. सगळं मिळून चार किलो आठशे. काट्यावर तीनदा तोललं. कापडाची पिशवी वेगळी आणणार नाही. भामाबाईंना सांग, रिकामी पिशवी परत द्यायचा प्रश्नच येणार नाही, कारण माझ्याकडे रिकामं काही नसेल.

प्रद्युम्नने शेवटचं अस्त्र काढलं आहे. म्हणाला, तू गेलीस आणि काही झालं तर मी जबाबदार नाही. मी म्हटलं, बरोबर, मी आहे. पण तो रात्री जेवला नाही, आणि तो असा लहानपणापासून. मला त्याचं वाईट वाटतं. तरी मी जाणार.

कुंदाताई


सोंडेवरून
१६ डिसेंबर

ती. कुंदाताई,

तीन आठवडे अंथरुणावर, आणि तुम्ही आम्हाला कळवलं नाही. याचं भांडण समोरासमोर करू, पत्रात नाही.

सासूबाईंना सगळं सांगितलं. शपथ मोडल्याचंही सांगितलं. त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी शेरडं आत घेतल्यावर आपण होऊन म्हणाल्या, "रिकामी पिशवी धाडू न्हाई ही रीत हाय. भरल्या पिशवीत आनखी कोंबावं अशी न्हाई. बाईला म्हनावं, तोंडापोतूर भरून आण." एवढं बोलून आत गेल्या. म्हणजे मंजूर, ताई.

दत्ताला राजगडावर यायला मी मना केलं आहे. तो तुमच्या वाटेत कुठेही उभा राहणार नाही. तोरण्याच्या बुधला माचीच्या अलीकडची शिडी यंदा पावसात हलली होती, ती पक्की केली आहे, मी स्वतः चढून पाहिली. सोंडेवर गवत वाळलं आहे, पाय सरकतो, काठी आणा. काठीचं वजन हातात, पाठीवर नाही, म्हणजे तुमच्या डॉक्टरांची हरकत नसावी.

वाट बघते.

मंगल


भोर
२४ डिसेंबर

प्रिय मंगल,

पोचले. तू विचारशील म्हणून आधीच सांगते, पाठ ठीक आहे. गुडघे दुखतात, ते दुखणारच, त्यांना मी कधी विचारलंच नव्हतं.

तुझ्या घरात मी बावीस वर्षांत पहिल्यांदा नुसती बसले. नाहीतर दरवेळी पोचल्या पोचल्या तांदूळ काढा, गूळ काढा, भामाबाई पाखडायला बसणार, तू पिशवी शिवायला घेणार, यातच संध्याकाळ जायची. या वेळी भामाबाईंना हात रिकामे ठेवायची सवय नाही म्हणून त्यांनी माझे पाय चेपायला घेतले. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "गप बस. एवढं तरी करू दे." मग मी गप बसले. निघताना त्यांनी सॅक हाताने चाचपून पाहिली, खरंच भरलेली आहे ना म्हणून. खात्री झाल्यावर कुंकू लावलं. तुला वाटलं असेल मी ते चाचपणं पाहिलं नाही.

तोरणा चढताना मला भीती वाटत होती. हे कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. शिडीखाली पाच मिनिटं उभी राहिले. मग चढले. वर गेल्यावर वाऱ्यात उभी राहून मी मोठ्याने हसले. तिथे बसलेल्या दोघा तरुणांनी वळून पाहिलं. पाहू देत.

उतरताना गेल्या वर्षी जिथे आडवी झाले होते ती जागा आली. मला वाटलं होतं तिथे थांबावं, पाणी प्यावं, काहीतरी मनात आणावं. पण पाय चालत होते, त्यांना मोडता कोण घालणार? मी गेले पुढे.

वेल्ह्याच्या स्टँडवर प्रद्युम्न गाडी घेऊन उभा होता. सकाळी दहापासून, असं चहावाल्याने मला नंतर सांगितलं. मी उतरले तेव्हा अडीच वाजले होते. साडेचार तास पोराने कडे-कपाऱ्यांकडे मान वर करून काढले असणार. तोंड ओढलेलं, डोळे लाल. जवळ आला, पाय रोवून उभा राहिला, आणि मी पट्टे सोडून खाली ठेवलेली सॅक दोन्ही हातांनी जोर लावून उचलली. त्याला वाटलं, चौदा किलो. त्याचा तोल मागे गेला, सॅक त्याच्या डोक्याच्या वर गेली, आणि तो चहावाल्याच्या बाकावर धपकन बसला.

त्याने सॅक मांडीवर घेतली. हाताने तोलत होता. मग म्हणाला, "आई, एवढंच?"

मी म्हटलं, "एवढंच."

"मला वाटलं, तू..." तो म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसले. आम्ही दोघांनी चहा घेतला. मला त्याच्यावर प्रेम आहे, मंगल, हे त्याला चहाच्या टपरीवर सांगण्याची आमच्यात पद्धत नाही, म्हणून दुसरा कप सांगितला.

निघताना त्याने सॅक गाडीत ठेवायला उचलली. मी हात पुढे केला आणि ती परत मागितली. दिली त्याने. पाठीवर घातली आणि गाडीपर्यंतची वीस पावलं मीच नेली. दार उघडताना तो म्हणाला, पुढच्या वर्षी निदान मला विचारून तरी जा.

मी म्हटलं, "विचारणार नाही, बाळा. कळवीन."

तुझी,
कुंदाताई